शक्ती (१९८२ चित्रपट)

शक्ती हा १ ऑक्टोबर १९८२ रोजी प्रदर्शित झालेला हिंदी भाषेतील गुन्हेगारी नाट्यपट आहे. कर्तव्यकठोर पोलीस अधिकारी आणि त्याच्यापासून दुरावून गुन्हेगारीकडे वळलेला त्याचा एकुलता एक मुलगा यांच्यातील संघर्ष हा या चित्रपटाचा विषय आहे. रमेश सिप्पी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची निर्मिती मुशीर-रियाझ या जोडीने केली असून कथा, पटकथा व संवाद सलीम-जावेद यांचे आहेत. दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन यांनी एकत्र भूमिका केलेला हा एकमेव चित्रपट होय.

कथानक

सेवानिवृत्त पोलीस अधिकारी अश्विनी कुमार (दिलीपकुमार) आपला नातू रवी (अनिल कपूर) याला आणण्यासाठी रेल्वे स्थानकावर जातात. आपल्यालाही पोलीस सेवेत जायचे आहे, असे नातवाने सांगितल्यावर ते त्याला त्याच्या वडिलांची, म्हणजे विजयची (अमिताभ बच्चन) कथा सांगू लागतात. चित्रपटाचा मुख्य भाग या निवेदनातून उलगडतो.

विजय लहान असताना अश्विनी कुमार यांनी जे. के. वर्मा (अमरीश पुरी) या गुन्हेगाराच्या यशवंत नावाच्या साथीदाराला अटक केलेली असते. त्याला सोडवण्यासाठी जे. के. विजयचे अपहरण करतो आणि दूरध्वनीवरून सौदा पुढे ठेवतो. मुलाचा जीव गेला तरी चालेल, पण कैद्याला सोडणार नाही, असे उत्तर अश्विनी कुमार देतात. हे उत्तर जवळच असलेल्या विजयच्या कानांवर पडते. टोळीतील के. डी. नारंग (कुलभूषण खरबंदा) याच्या कृपेने मुलगा तेथून निसटतो व घरी परततो. परंतु वडिलांविषयीची अढी त्याच्या मनातून कधीच जात नाही. त्याने वडिलांचे शब्द ऐकलेले असतात, ते उच्चारताना त्यांची झालेली अवस्था मात्र पाहिलेली नसते. पुढे अश्विनी कुमारही त्याला काही समजावून सांगत नाहीत. कथेतील सारा अनर्थ या अबोल्यातून उद्भवतो.

मोठेपणी विजय लोकलमध्ये गुंडांच्या तावडीतून रोमा (स्मिता पाटील) या तरुणीची सुटका करतो. दोघांची मैत्री व पुढे प्रेम जमते. विजय ज्या हॉटेलात नोकरी धरतो, ते नारंगच्या मालकीचे असते. नारंग आता जे. के.चा प्रतिस्पर्धी झालेला असतो. जन्मदात्याने ज्याच्या प्राणांवर उदक सोडले त्याला एका परक्या माणसाने वाचवले, असा हिशेब विजयच्या मनात पक्का असल्याने तो नारंगशी एकनिष्ठ राहतो. वडिलांच्या दृष्टीने नारंग हा केवळ एक गुन्हेगार असतो. वाद विकोपाला जाऊन विजय घर सोडतो. आई शीतल (राखी) पती व पुत्र यांच्यात समेट घडवण्याची धडपड करीत राहते, पण तिला यश येत नाही. अखेरीस अश्विनी कुमार स्वतःच्याच मुलाला अटक करतात.

जे. के.च्या हल्ल्यात शीतलचा मृत्यू होतो. सूड घेण्यासाठी विजय कोठडीतून पळतो, विमानतळावर जे. के.ला ठार मारतो आणि वडिलांनी बजावूनही थांबत नाही. अश्विनी कुमार त्याच्यावर गोळी झाडतात. वडिलांवरचे प्रेम मनातून काढून टाकण्याचा आपण खूप प्रयत्न केला, पण ते जमले नाही, अशी कबुली देत विजय त्यांच्या कुशीत प्राण सोडतो.

पार्श्वभूमी व निर्मिती

‘शोले’ (१९७५) आणि ‘शान’ (१९८०) या भव्य पडद्यावरील साहसपटांनंतर रमेश सिप्पी यांनी हा तुलनेने लहान परिघाचा, घरातल्या चार माणसांभोवती फिरणारा चित्रपट केला. आधीचे दोन्ही चित्रपट त्यांच्या घरच्या निर्मितीसंस्थेचे होते; मुशीर-रियाझ यांनी यापूर्वी दिलीपकुमार यांना घेऊन ‘बैराग’ (१९७६) काढला होता. कर्तव्यासाठी मुलावर गोळी झाडणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची कथा शिवाजी गणेशन यांच्या ‘तंग पदक्कम’ (१९७४) या तमिळ चित्रपटातही आलेली असल्याने दोहोंची तुलना नेहमी केली जाते.

सलीम-जावेद यांच्या लेखनात बाप-लेकाचा दुरावा हे सूत्र पुन्हापुन्हा येते. ‘दीवार’मध्ये (१९७५) वडील अपमानित होऊन कुटुंबाला सोडून जातात, तर ‘त्रिशूल’मध्ये (१९७८) वडिलांनी आईला वाऱ्यावर सोडलेले असते. दोन्ही चित्रपटांतील मुलाचे नाव विजय असून ती भूमिका अमिताभ बच्चन यांचीच आहे. ‘शक्ती’मधील वडील मात्र रोज एकाच छपराखाली असतात आणि प्रचलित अर्थाने त्यांचा काही अपराधही नसतो. त्यामुळे विजयच्या रागाला समाजमान्य असे कारण उरत नाही आणि प्रेक्षकाला कोणा एकाची बाजू सहजपणे घेता येत नाही. ‘दीवार’मधील पोलीस झालेल्या धाकट्या भावाचे रवी हे नाव येथे पोलीस होऊ इच्छिणाऱ्या नातवाला मिळाले आहे. सलीम-जावेद यांची जोडी फुटण्याच्या सुमारास आलेला हा चित्रपट त्यांच्या शेवटच्या महत्त्वाच्या पटकथांपैकी एक मानला जातो.

चित्रपटाला राहुल देव बर्मन यांचे संगीत असून गीते आनंद बक्षी यांची आहेत. गाण्यांची संख्या मोजकी असून विनोदी उपकथानकाला जवळजवळ फाटा दिलेला आहे.

अभिनय

दिलीपकुमार यांचा अश्विनी कुमार कणखर असला तरी कोरडा नाही. मुलाशी बोलताना ते प्रत्येक वेळी वडिलांऐवजी अधिकारी होऊन बसतात आणि ही चूक उमगूनही त्यांना ती सुधारता येत नाही. अमिताभ बच्चन यांनी या भूमिकेत नेहमीचा आवेश आवरून धरला आहे. आईच्या निधनानंतर बेड्या घातलेल्या विजयला घरी आणले जाते आणि तो जमिनीवर बसलेल्या वडिलांजवळ जाऊन त्यांच्या हाताला स्पर्श करतो, तो प्रसंग जवळपास निःशब्द आहे. संवादांसाठी प्रसिद्ध असलेल्या लेखकांच्या चित्रपटातील सर्वाधिक स्मरणात राहिलेले दृश्य संवादाविना असावे, ही लक्षणीय बाब आहे.

राखी यांनी ‘बरसात की एक रात’मध्ये (१९८१) अमिताभ बच्चन यांच्या नायिकेची भूमिका केली होती, त्यानंतर लगेचच येथे त्या त्यांच्या आई झाल्या. स्मिता पाटील यांच्यासाठी १९८२ हे वर्ष विशेष ठरले. जब्बार पटेल यांचा मराठी ‘उंबरठा’, तसेच ‘अर्थ’ आणि ‘बाजार’ त्याच वर्षीचे. त्या तुलनेत ‘शक्ती’मधील रोमाला वाव कमी आहे, तरी एकटी राहणारी व स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी ही स्त्री त्यांनी सहजतेने उभी केली आहे. नातवाच्या छोट्या भूमिकेतील अनिल कपूर तेव्हा फारसे परिचित नव्हते.

प्रदर्शन आणि पुरस्कार

‘कुली’च्या चित्रीकरणात जुलै १९८२ मध्ये गंभीर जखमी झालेले अमिताभ बच्चन सप्टेंबरच्या अखेरीस रुग्णालयातून घरी परतले आणि त्यानंतर काही दिवसांतच ‘शक्ती’ प्रदर्शित झाला. दोन पिढ्यांचे नायक एकत्र येत असल्याने चित्रपटाविषयी मोठे कुतूहल होते. मात्र तिकीटबारीवरील यश अपेक्षेइतके नव्हते. समीक्षकांनी त्याचे स्वागत केले आणि कालांतराने त्याची प्रतिष्ठा वाढत गेली.

१९८३ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शक्ती’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता (दिलीपकुमार), सर्वोत्कृष्ट पटकथा (सलीम-जावेद) आणि सर्वोत्कृष्ट ध्वनी असे चार पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनांत पडद्यावरील वडील आणि मुलगा या दोघांचीही नावे होती. दिलीपकुमार यांचा हा या गटातील आठवा आणि अखेरचा पुरस्कार ठरला.