घरगुती विद्युत्संचय : सूर्यघटापूर्वीची परंपरा

सूर्यशक्तीवर घरातील दिवे लावण्याचा इतिहास सामान्यतः इ. स. १९५४ पासून सांगितला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉनचा सूर्यघट जाहीर केला. परंतु सूर्यघट वीज केवळ निर्माण करतो. ती रात्रीसाठी राखून ठेवण्याची विद्या त्याहून पुष्कळ जुनी आहे.

तिचा आरंभ गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत आढळतो. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर त्याच धातूच्या ऑक्साइडाचा लेप देऊन तिची धारकता वाढविली. पुढे १८८८ मध्ये क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश याने घरामागे १२ किलोवॉटची पवनचक्की उभारली व तळघरात ४०८ घट मांडले. वारा हा सूर्यप्रकाशाइतकाच लहरी. अनिश्चित पुरवठा आणि नित्याची मागणी यांचा मेळ घालण्याचे काम त्या तळघराने केले.

१८९७ मध्ये पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, वीज जितक्या वेगाने उपसावी तितकी ती एकंदरीत कमी मिळते. म्हणूनच बॅटरीची धारकता किती तासांच्या उपशावर मोजली, हे सांगावे लागते. एखाद्या घराचा रोजचा खप एक युनिट, म्हणजे १००० वॉट-तास, धरू. दोन ढगाळ दिवसांची तरतूद हवी आणि बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करावयाची नाही. मग ४००० वॉट-तासांचा संचय लागतो; २४ व्होल्टच्या मांडणीत तो सुमारे १६७ अँपिअर-तास होतो. रूपांतरातील तूट निराळी.

हा हिशेब चुकला तर बॅटरी वारंवार अर्धीमुर्धी भरलेली राहते, पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक धरतात आणि धारकता कायमची घटते. भारणाच्या वेळी पाण्याचे विघटन होत असल्याने वेळोवेळी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालणे, आम्लाचे विशिष्ट गुरुत्व तपासणे आणि निघणाऱ्या हायड्रोजन वायूसाठी खोली हवेशीर ठेवणे ही कामे ओघानेच येतात.

१९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने पाणी घालण्याचे काम संपविले. रिकामे करण्याची मर्यादाही तिने सैल केली. त्यामुळे गणितातील आकडे बदलले, गणित मात्र तेच राहिले. घरगुती सौरविजेचा इतिहास केवळ सूर्यघटाच्या कार्यक्षमतेवरून लिहिल्यास तो अपुरा राहील. त्याचा अर्धा भाग तळघरातील घटांपाशी आहे.