फळीतला युरिया

लातूरच्या खोलीत माझ्याकडे भुशाच्या फळीचं एक टेबल होतं. नवं होतं तेव्हा खिडकी बंद केली की डोळे चुरचुरायचे. त्याच टेबलावर मी बारावीचं अल्डिहाइड-कीटोनचं प्रकरण पाठ केलं. बाण काढायचा, बाणावर कुणा युरोपियन माणसाचं नाव लिहायचं, पुढचं पान.

त्या फळीतला भुसा एकत्र धरून ठेवणारा डिंक युरिया आणि फॉर्मॅल्डिहाइडपासून बनतो, आणि डोळ्यांना झोंबतो तो त्यातून सुटणारा फॉर्मॅल्डिहाइड, हे मला कळलं पुढं नांदेडला एम.एस्सी. करताना. तोवर युरिया म्हणजे खताची गोणी. प्रयोगशाळेत युरियाची छोटी बाटली असते असं घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "मग इथून नेला असतास की पसाभर."

रसायनात युरिया हा अमाइड. सेंद्रिय आम्लातला ओएच काढून तिथं एनएच२ बसवला की अमाइड होतो. अमाइन अल्डिहाइडला पटकन जाऊन चिकटतात, अमाइड मात्र सुस्त. त्याच्या नायट्रोजनकडची इलेक्ट्रॉनची जोडी शेजारच्या कार्बोनिलनं आधीच आपल्याकडे ओढून घेतलेली असते, दुसऱ्याला द्यायला हात मोकळा नसतो. म्हणून तापवावं लागतं, आम्ल किंवा अल्कली घालून ढोसावं लागतं. जुळलंच तर बऱ्याचदा एका अल्डिहाइडला दोन अमाइड जोडले जातात आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. कीटोन आणखी हट्टी, कारण त्याच्या कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंना कार्बनची गर्दी. फॉर्मॅल्डिहाइडच्या बाजूंना नुसते हायड्रोजन, त्यामुळे त्याचं युरियाशी लगेच जमतं.

याचाच संदर्भ शोधताना मला एक भारतीय नाव सापडलं आणि मी चक्क खुर्चीत सरळ बसलो. कांतिलाल पंड्या, सेंट जॉन्स कॉलेज, आग्रा. अल्डिहाइड आणि अमाइड यांच्या संघननावरचा पंड्या आणि सोढी यांचा निबंध 1938 साली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापून आला. सी. व्ही. रामन यांनी ही अकादमी बंगळूरला 1934 मध्ये स्थापन केली होती.

पंड्यांचं दुसरं काम अल्डिहाइड आणि मॅलोनिक आम्लावर. ही क्रिया मी स्वतः केली आहे. बेंझाल्डिहाइडचा वास कडू बदामासारखा. त्यात मॅलोनिक आम्ल आणि पिरिडीन घालून तापवलं की बुडबुडे येऊ लागतात, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की थंड करायचं, आम्ल ओतायचं. सिनॅमिक आम्लाचे पांढरे स्फटिक खाली बसतात. जर्मनीच्या डोबनरनं 1900 च्या सुमारास यात पिरिडीन भरपूर वापरलं. पंड्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पिरिडीनचा नुसता अंश पुरतो. पिरिडीनचा वास ज्यानं घेतलाय त्याला या शोधाची किंमत वेगळी सांगायला नको. कपड्यांना दोन दिवस येतो.

पण मी अडकलो 1938 या आकड्यावर. त्या साली आमच्याकडे काय होतं? निजामाचं राज्य होतं. नांदेड किंवा लातूरला पदवीचं महाविद्यालय नव्हतं. रसायन शिकायचं तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जायचं, आणि ते उर्दूतून. त्यासाठी विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणणारा एक मोठा भाषांतर विभागच तिथं होता. मला त्या खटाटोपाचा आदर वाटतो. देशी भाषेतून विज्ञान शिकवण्याची हिंमत आपण आजही करत नाही. पण वावरातून आलेल्या मराठी पोराला ती भाषाही परकीच. माझे आजोबा मरेपर्यंत सही उर्दूत करायचे आणि हिशोब मराठीत.

त्याच 1938 च्या अखेरीस 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले. कितीतरी जण नागपूर विद्यापीठात गेले; पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच. तिकडे पुण्यात द. बा. लिमये 'रसायनम्' नावाचं संशोधनपत्र चालवत होते. नकाशावर अंतर फार नाही, पण मधे सरहद्द होती.

नांदेडला पीपल्स कॉलेज आलं 1950 मध्ये, औरंगाबादला विद्यापीठ 1958 मध्ये, लातूरला दयानंद महाविद्यालय 1961 मध्ये. नांदेडचं विद्यापीठ थेट 1994 चं. म्हणजे पंड्यांचा निबंध छापून आल्यावर पुरी छप्पन्न वर्षं. आता लातूर-नांदेडला रसायनाचे वर्ग पहाटेपासून भरतात, आणि मी त्यातूनच आलोय, त्यामुळे नावं ठेवायला जीभ उचलत नाही. बाण पाठ नसते तर एम.एस्सी.लाही पोचलो नसतो.

माझा मावसभाऊ सध्या त्याच गल्लीत राहतो, टेबलही तेच. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्याला डिंकाचं सांगितलं, पंड्यांचंही सांगितलं. त्यानं पेन न ठेवता विचारलं, "दादा, परीक्षेला येतं का हे?"

"आग्र्याचं नाही येत," मी म्हणालो.

त्यानं पान उलटलं. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर तो टेबलाच्या कडेचं निघालेलं सनमाइक नखानं उचलून आतली फळी हुंगत होता.