कपाटातून चौकात

हस्तकलेचं दालन सजवताना सर्वांत आधी ठरवावं लागतं, की कोणती वस्तू कशाशेजारी ठेवायची आणि का. भिंती, उजेड, चालायची वाट हे सगळं त्या उत्तरातून येतं. ही उत्तरं कशी बदलत गेली ते पाहिलं, की दालनात कारागिराला किती जागा मिळाली तेही कळतं.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात औद्योगिक प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. कच्चा माल, यंत्रं, तयार माल आणि ललित कला अशी प्रदर्शनाची चार विभागांत वर्गवारी होती. भारतातली वस्त्रं आणि दागिने पाहून लोक दिपले. पण वस्तू घडवणारा माणूस त्या वर्गवारीच्या केंद्रस्थानी नव्हता.

तीच औद्योगिक प्रदर्शनाची दृष्टी घेऊन १८७२ मध्ये भायखळ्याच्या राणीबागेत मुंबईचं संग्रहालय खुलं झालं. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. ओतीव लोखंडाचे खांब, उंच सज्जा, लाकडी चौकटीची काचेची कपाटं असं हे देखणं दालन. इथे व्यवसाय करणारी माणसं पुढे दिसू लागली, मात्र मातीच्या छोट्या प्रतिकृतींच्या रूपात, काचेआड.

१९३६ मध्ये टोकियोत यानागी सोएत्सू यांनी लोककलेचं संग्रहालय, मिंगेइकान, उघडलं. अनाम कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेली वस्तू सुंदर असते, ही त्यांची धारणा. म्हणून इमारत घरासारखी आणि माहितीपाट्या मोजक्याच. आधी डोळ्यांनी पाहावं, मग वाचावं, असा आग्रह.

दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयाने पुढचं पाऊल टाकलं. मुंबईचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी संकल्पना धरली ती गावातून जाणाऱ्या वाटेची. कौलारू उतरती छपरं, ओसऱ्या, एकातून दुसऱ्यात उघडणारे चौक. गावाकडून देवळाकडे आणि तिथून दरबाराकडे नेणारा क्रम. ज्योतींद्र जैन संचालक असताना देशभरचे कारागीर तिथे येऊन बसत, काम करत, विकत. वस्तू आणि हात एका जागी आले.

मधुबनीच्या चित्रकार गंगादेवींनी आजारपणातही तिथल्या एका खोलीच्या भिंतींवर कोहबर, म्हणजे मिथिलेतलं नवदांपत्याचं दालन, रंगवलं. १९९१ मध्ये त्या गेल्या. २०१५ मध्ये नूतनीकरणाच्या कामात त्या भिंती नष्ट झाल्याचं उघड झालं. चित्र ही खोलीची सजावट आहे असं मानलं, की ते बदलायला हात धजावतो. ती खोलीच कारागिराची आहे असं मानलं असतं तर नूतनीकरणाचा हात तिथे लागलाच नसता. आज नवं दालन आखणाऱ्याने रंग आणि दिवे निवडण्याआधी कारागिराला बोलवावं. आराखड्यात त्याची जागा आणि त्याचा शब्द, दोन्ही पहिल्या दिवसापासून असायला हवेत.