पाणी कमी करण्याची विद्या : ओतीव मृत्पात्रांच्या घोळाचा इतिहास

चाकावर भांडे घडवण्याची आणि ओली माती साच्यात थापण्याची रीत फार प्राचीन आहे. त्या मानाने मातीचा पातळ घोळ साच्यात ओतून भांडे तयार करण्याची रीत अलीकडची असून तिचा सलग इतिहास इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात, 1910 साली स्टोक-ऑन-ट्रेंट या नावाखाली एकत्र आलेल्या सहा गावांत, 18व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरू होतो. या घोळाला धंद्यात ‘स्लिप’ म्हणतात. सच्छिद्र साच्यात स्लिप ओतली की साच्याची भिंत तिच्यातील पाणी शोषून घेते आणि मातीचे कण आतल्या बाजूस थराने बसत जातात. हवी तेवढी जाडी आली की उरलेली स्लिप ओतून टाकतात आणि थर सुकून आकसला की भांडे साच्यापासून आपोआप सुटते. वर्णनाला सोपी वाटणारी ही रीत धंद्यात सर्वमान्य व्हायला मात्र सुमारे दीडशे वर्षे लागली. साचा लवकर हाती आला होता. अडचण होती ती साच्यात ओतायच्या घोळाची आणि त्यातही त्यातील पाण्याची.

स्टॅफर्डशरमधील आरंभीचे ओतकाम मिठाच्या झिलईच्या पांढऱ्या दगडी भांड्यांचे होते. भट्टी पूर्ण तापल्यावर तीत मीठ टाकले की त्याची वाफ भांड्यांवर बसून पातळ, कठीण झिलई तयार होते आणि ती इतकी पातळ असते की खालचे बारीक नक्षीकाम बुजत नाही. या गुणाचा लाभ घेण्यासाठी घर, उंट, शिंपला अशा आकारांच्या चहादाण्या निघू लागल्या आणि असे आकार चाकावर काढता येणे शक्यच नव्हते. मूळ नमुना अलाबास्टरसारख्या मऊ दगडात कोरत, त्यावरून भाजलेल्या मातीचे बिनझिलईचे साचे काढत आणि त्यांत पातळ घोळ पुन:पुन्हा ओतून थरावर थर चढवत. नमुने कोरणाऱ्यांत ॲरन वुड याचे नाव अग्रगण्य मानले जाते.

मातीच्या साच्याची शोषणशक्ती बेताचीच असे. मातीच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस आले ते, सिमियन शॉ याने 1829 साली प्रसिद्ध केलेल्या या परगण्याच्या इतिहासात नोंदवलेल्या परंपरेनुसार, कोब्रिज येथील राल्फ डॅनियल याने 1745 च्या सुमारास फ्रान्समध्ये पाहिलेल्या पद्धतीमुळे. जिप्सम हा खनिज दगड सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवला की त्यातील बद्ध पाण्याचा तीन चतुर्थांश भाग निघून जातो आणि उरलेली भुकटी पाण्यात कालवली की पुन्हा घट्ट बसते. कालवताना मात्र रासायनिक गरजेपेक्षा बरेच जास्त पाणी घालावे लागते. ते वाळून गेल्यावर मागे सूक्ष्म छिद्रांचे जाळे राहते आणि हेच जाळे पुढे घोळातील पाणी ओढून घेते. शिवाय एका मूळ नमुन्यावरून असे साचे स्वस्तात व हवे तितके काढता येत.

इतके साधन हाती येऊनही पुढच्या शतकभरात स्टॅफर्डशरच्या बहुतेक कारखान्यांनी ओतकाम मर्यादितच ठेवले. तोटी, मूठ, अलंकार आणि अतिपातळ भांडी यांपुरते ते चाले. बाकीची पोकळ भांडी त्याच प्लास्टरच्या साच्यांत मातीची पोळी थापून केली जात आणि हे काम करणारा थापणी कारागीर कारखान्यातील मानाचा व चांगल्या मजुरीचा माणूस होता. याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. नुसत्या पाण्यात कालवलेली चिकणमाती ओतण्याइतकी पातळ करायची तर घोळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाणी लागते, तर थापण्याजोग्या मळलेल्या मातीत ते जेमतेम 20 ते 25 टक्के असते. एवढे पाणी शोषून साचा लवकर भिजून जाई व दिवसातून फार वेळा वापरता येत नसे. थर सावकाश बसे आणि सुकताना इतका आकसे की भांडे तडकण्याची किंवा वाकडे होण्याची धास्ती कायम राही.

या मर्यादा स्वीकारून केलेल्या कामाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 1840 च्या दशकात स्टोकमध्ये निघालेल्या पॅरियन मूर्ती. संगमरवराचा भास देणाऱ्या या पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती अनेक सुट्या भागांत ओतून जोडल्या जात आणि ओतल्यापासून भट्टीतून निघेपर्यंत त्यांची उंची जवळजवळ चतुर्थांशाने घटे, म्हणून मूळ नमुना तेवढ्या हिशेबाने मोठा करावा लागे. फ्रान्समध्ये सेव्र येथील सरकारी कारखान्यातही ओतकामावर परिश्रमपूर्वक प्रयोग झाले. मोठ्या फुलदाण्यांची ओली भिंत स्वत:च्या वजनाने कोसळू नये म्हणून पुढे तिथे आतून हवेचा दाब देण्याची किंवा बाहेरून हवा ओढून घेण्याची योजना करण्यात आली. एखाद्या मौल्यवान वस्तूसाठी असा खटाटोप परवडे. रोजच्या कपबशीसाठी तो परवडणारा नव्हता.

घोळ कालवण्याचे शास्त्र मात्र याच काळात, ओतकामासाठी नव्हे तर थापणीच्या मातीसाठी, बरेच पुढे गेले होते. इंग्लिश पांढऱ्या मातीच्या भांड्यांत साधारण चार द्रव्ये असत. डेव्हन व डॉर्सेट येथील बॉल क्ले ही चिकट, लवचीक माती. कॉर्नवॉलमधील चायना क्ले ही पांढरी पण कमी चिकट माती. भाजून दळलेली फ्लिंट म्हणजे एक प्रकारची गारगोटी, जी भांड्याला पांढरेपणा व ताठपणा देते. आणि कॉर्निश स्टोन हा फेल्स्पारयुक्त दगड, जो भट्टीत वितळून बाकीच्यांना सांधतो. फ्लिंट कोरडी दळताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक ठरत असल्याने टॉमस बेन्सन याने 1726 साली ती पाण्यात दळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि लोखंडी गोळ्यांमुळे फ्लिंटला डाग पडतात असे दिसल्यावर 1732 सालच्या दुसऱ्या पेटंटात लोखंडाऐवजी दगड योजले. अशा रीतीने चारही द्रव्ये कारखान्यात घोळाच्या रूपात येऊ लागली आणि त्यांचे मिश्रण तराजूवर न होता हौदात होऊ लागले.

हौदातील ही मोजणी बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण ओतकामाचे सारे गणित तिच्यातूनच निघाले. प्रत्येक द्रव्याचा घोळ ठरावीक दाटपणाचा ठेवत आणि तो दाटपणा एका पिंटाच्या, म्हणजे सुमारे 568 मिलिलिटरच्या, मापात भरलेल्या घोळाच्या वजनावरून सांगत : बॉल क्ले 24 औंस, चायना क्ले 26, फ्लिंट व स्टोन प्रत्येकी 32. पिंटभर शुद्ध पाण्याचे वजन 20 औंस; त्यावरचे वजन घन पदार्थामुळे येते, पण घन पदार्थ पाण्याची काही जागा अडवतो, म्हणून तो वरच्या वजनाहून अधिक असतो. सेव्रचा संचालक व रसायनज्ञ अलेक्सांद्र ब्रोंन्यार याच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र हा हिशेब सोडवते : घोळाच्या वजनातून पाण्याचे वजन वजा करायचे, बाकीला पदार्थाच्या विशिष्ट गुरुत्वाने गुणायचे आणि त्याच गुरुत्वातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचे. गुरुत्व 2.5 धरले तर बॉल क्लेच्या पिंटभर घोळात सुमारे पावणेसात औंस, चायना क्लेच्या 10 औंस आणि फ्लिंट किंवा स्टोनच्या घोळात 20 औंस कोरडा पदार्थ निघतो. त्यामुळे कोरड्या वजनाने 25 भाग बॉल क्ले, 25 भाग चायना क्ले, 35 भाग फ्लिंट आणि 15 भाग स्टोन हवे असतील, तर हौदात उभ्या केलेल्या खुणांच्या काठीवर त्यांची उंची अनुक्रमे 15, 10, 7 आणि 3 इंच भरते. वजनात सर्वांत जड असलेली फ्लिंट हौदात बॉल क्लेच्या निम्म्याहूनही कमी जागा घेते. घोळाचे वजन पिंटामागे औंसभर जरी चुकले, तरी काठीवरचे इंच बरोबर असूनही मिश्रण बिघडे. म्हणून घोळघरातील मिश्रकाची पाककृती ही इंचांत आणि औंसांत मिळून लिहिलेली असे.

मिश्रण झाल्यावर घोळ बारीक रेशमी जाळीतून गाळत आणि लोखंडाचे कण काढण्यासाठी चुंबकांवरून वाहू देत. मग प्रश्न उरे तो नको असलेल्या पाण्याचा. पूर्वी खालून धुराचे मार्ग नेलेल्या लांब विटांच्या कुंडात घोळ उकळून आटवत. त्यात कोळसा फार जाई आणि तळाची माती जास्त सुकून एकसारखेपणा बिघडे. नीडम आणि काइट यांनी 1853 साली पेटंट घेतलेल्या गाळणदाबयंत्राने, म्हणजे फिल्टर प्रेसने, ही अडचण दूर केली : घोळ पंपाने कापडी पडद्यांच्या मधल्या पोकळीत दाबला जाई, पाणी कापडातून निघून जाई आणि मागे मातीच्या वड्या राहत. त्या पाण्याबरोबर मातीत विरघळलेले क्षारही निघून जात आणि या गोष्टीचे महत्त्व पुढे ओतकामात कळून आले.

ओतकामाची कोंडी फुटली ती 19व्या शतकाच्या शेवटच्या दशकात, जर्मनभाषक प्रदेशात. मातीच्या दाट लगद्यात धुण्याचा सोडा किंवा सोडियम सिलिकेट अगदी थोड्या प्रमाणात घातले की तो पाणी न वाढवताच प्रवाही होतो, हे तेथील कारखान्यांनी व्यवहारात आणले. याचे कारण असे : चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म, चपट्या पापुद्र्यांसारखे असून त्यांच्या कडा व पृष्ठभाग यांवरील विद्युतभार वेगवेगळे असतात, त्यामुळे एकाची कडा दुसऱ्याच्या पृष्ठाला चिकटून पोकळ सांगाडे तयार होतात आणि त्यांत पाणी अडकून पडते. सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, कणांभोवती जमले की सर्व कण एकमेकांना दूर लोटू लागतात, सांगाडे मोडतात आणि अडकलेले पाणी मोकळे होऊन वाहण्याच्या कामी येते. असे करणाऱ्या द्रव्याला डीफ्लॉक्युलंट, म्हणजे कणांचे पुंजके मोडणारे द्रव्य, म्हणतात; कोरड्या मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी मात्रा त्याला पुरते.

या फरकाचे मोजमाप जुन्याच सूत्राने करता येते. पिंटाला 26 औंस भरणाऱ्या साध्या घोळात एक किलो कोरड्या मातीमागे 1.6 किलो पाणी असते. पिंटाला 36 औंस, म्हणजे लिटरला सुमारे 1.8 किलो, भरणाऱ्या ओतकामाच्या स्लिपमध्ये ते अवघे 350 ग्रॅम असते. म्हणजे ही स्लिप साच्यात दुधासारखी ओतता येत असूनही तिच्यातील पाण्याचे प्रमाण जवळपास मळलेल्या मातीइतकेच राहते. साचा कमी भिजतो, थर लवकर बसतो, आकुंचन आटोक्यात राहते आणि एकच साचा दिवसातून अधिक वेळा कामी येतो. ज्या कारणांनी थापणी शतकभर ओतकामाला भारी पडली होती, ती सारी कारणे यामुळे एकदम गळून पडली.

हे तत्त्व सर्वस्वी नवे नव्हते. इसवी सनापूर्वी 6व्या आणि 5व्या शतकांत अथेन्सच्या कुंभारांनी भांड्यांवर दिलेला काळा चकाकता लेप अतिसूक्ष्म मातीच्या घोळाचा होता आणि त्यातील जाड कण तळाशी बसून सूक्ष्म कण वर तरंगत राहावेत यासाठी अल्कलीचा उपयोग होतो, हे जर्मन रसायनज्ञ थिओडोर शूमान याने 1942 साली प्रयोगाने उलगडून दाखवले. कार्बोरंडमचा जनक एडवर्ड ॲचेसन यानेही 20व्या शतकाच्या आरंभी गवताच्या काढ्यातील टॅनिनने माती सुटी व लवचीक होते असे दाखवून त्या मातीला इजिप्तच्या नावावरून नाव दिले, कारण प्राचीन इजिप्तमधील विटांत पेंढा घालण्यामागे त्याला हेच कारण दिसले. अथेन्सच्या कुंभाराला सुटे कण हवे होते ते लेप चकचकीत व्हावा म्हणून. पाणी वाचवण्यासाठी त्यांचा उपयोग होण्याला सच्छिद्र साचा आणि हजारोंच्या संख्येने एकसारखी भांडी मागणारी बाजारपेठ या दोन्ही गोष्टी आधी असाव्या लागल्या.

नव्या स्लिपने जुन्या अडचणी सोडवल्या तशा स्वत:च्या अडचणीही आणल्या. डीफ्लॉक्युलंट कमी पडले तर घोळ दाट राहतो आणि जास्त झाले तर तो तंतुमय होऊन पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे योग्य मात्रेचा पट्टा अरुंद असतो. नुसत्या सोड्याने थर मऊ, लिबलिबीत बसतो आणि नुसत्या सिलिकेटने तो कडक पण ठिसूळ होतो, म्हणून बहुतेक कारखाने दोन्ही मिसळून वापरू लागले. नीट जमलेली स्लिपही स्थिर ठेवली की दह्यासारखी विरजते आणि ढवळली की पुन्हा वाहू लागते. या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात आणि तो मुळीच नसेल तर थर सैल होऊन कोसळतो, फार असेल तर ओतून टाकायची स्लिप भांड्यातच अडकते. म्हणून पिंटाच्या वजनाबरोबरच तारेला टांगलेला दंडगोल घोळात फिरवून प्रवाहीपणा मोजण्याचे यंत्र घोळघरात आले. मातीतील विरघळलेली सल्फेटे सोडियमचा परिणाम मारून टाकतात, म्हणून ती बेरियम कार्बोनेटने बांधून टाकावी लागतात. आणि सोडियम सिलिकेट प्लास्टरवर क्रिया करून साच्याचे पृष्ठ खात असल्याने साच्यांचे आयुष्य घटते. साच्यातून परत ओतलेल्या स्लिपमध्येही प्लास्टरचा अंश उतरतो, म्हणून ती ताज्या घोळात ठरावीक प्रमाणापलीकडे मिसळत नाहीत. जुन्या मिश्रकाची काठी आता पुरेनाशी झाली होती.

20व्या शतकात कमोड व हातधुणी यांसारख्या मोठ्या, आडव्यातिडव्या आकारांच्या वस्तू थापणीकडून ओतकामाकडे आल्या आणि ही रीत जगभर पसरली. भारतात सौराष्ट्रातील थानगढ, वांकानेर व मोरबी या परिसरात चिनी मातीच्या भांड्यांचा जो उद्योग वाढला, त्याच्या आरंभीच्या जडणघडणीत परशुराम गणपुले या महाराष्ट्रीय उद्योजकाच्या परशुराम पॉटरी वर्क्सचा मोठा वाटा होता. उत्तर प्रदेशातील खुर्जाच्या कारखान्यांतही आज प्लास्टरचे साचे आणि सिलिकेटची स्लिप हीच नित्याची सामग्री आहे. सोडा व सिलिकेटच्या जोडीला पॉलिअॅक्रिलेट ही कृत्रिम द्रव्ये आली आहेत आणि प्लास्टरऐवजी सच्छिद्र प्लास्टिकच्या साच्यात दाबाखाली ओतण्याची यंत्रेही आली आहेत. परंतु पाणी कमीत कमी ठेवून घोळ वाहता ठेवणे ही मूळ अट बदललेली नाही.

या बदलाने कारागिरीची जागाही हलवली. थापणी कारागिराचे ज्ञान त्याच्या बोटांत होते आणि भांड्याची जाडी, सांध्याचा घट्टपणा त्याच्या हाताच्या दाबावर अवलंबून असे. ओतकामात भांडे चांगले निघेल की नाही याचा निर्णय साच्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या हाती फार थोडा राहतो; तो आदल्या दिवशी घोळघरात, अर्ध्या टक्क्याच्या मात्रेत आणि मापभर स्लिपच्या वजनात झालेला असतो. त्यामुळे ओतकामाने कौशल्य संपवले, ही समजूत अपुरी ठरते. साचा मिळूनही दीडशे वर्षे जी रीत मागे राहिली, ती पुढे आली तेव्हा कारखान्यातील सर्वांत जोखमीचे काम घडवणाऱ्याकडून कालवणाऱ्याकडे गेले, आणि आजही सदोष भांड्याचे कारण शोधताना कारखान्यात पहिली तपासणी होते ती स्लिपच्या वजनाची.