गर्भारपणातलं तेल: चरकसंहितेपासून मसाज टेबलापर्यंत



आपल्या इथल्या मराठी घरांमध्ये डोहाळजेवणाच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आपल्याकडे हजारो वर्षांपासून गरोदर बाईला मालिश करतात, आणि इथले डॉक्टर मात्र आधी शंभर प्रश्न विचारतात!" दुसऱ्या बाजूला एखादी काकू ठामपणे सांगते, "अगं, पोटुशीने अंग रगडून घ्यायचं नसतं." दोघीही परंपरेचा हवाला देतात. मग नेमकी परंपरा काय, असा प्रश्न मला पडला.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. संस्कृत वाचायची हौस आहे, आणि अमेरिकेत एक बाळंतपण स्वतः निभावलेलं आहे. या विषयाचा इतिहास थोडा खोदून पाहिला तेव्हा लक्षात आलं की वरच्या दोन्ही बायका अर्ध्या बरोबर आहेत. आपल्या परंपरेत तेल आहे आणि हातही आहेत, पण कोणत्या वेळी, कुठे आणि किती जोर लावून, यावर बारीक विचार केलेला आहे. तो विचार आपण विसरलो आणि "मालिश" एवढा एकच शब्द लक्षात ठेवला.

सुरुवात चरकसंहितेपासून करू. ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, अनेक हातांनी घडलेला. त्याच्या सूत्रस्थानात रोजच्या अभ्यंगाचं भरपूर कौतुक आहे. तेल दिलेला गाडीचा आस जसा टिकतो तसं तेल लावलेलं शरीर कष्ट सोसतं, अशी उपमा आहे. त्यामुळे गर्भिणीच्या प्रकरणातही पानोपानी मालिश असेल असं वाटतं. ते प्रकरण म्हणजे शारीरस्थानाचा आठवा अध्याय. त्यात महिन्यामहिन्याचा आहार दिला आहे, आणि तो जवळजवळ सगळा दूध, लोणी, तूप आणि मधुर औषधी यांचा आहे. सर्वांगाला रोज तेल चोळा असं त्या यादीत कुठेही नाही. तेल येतं ते थेट नवव्या महिन्यात, आणि तेही बस्ती व योनीत ठेवायचा तेलात भिजवलेला बोळा, म्हणजे पिचू, या रूपात. हेतू असा की प्रसूतीचा मार्ग मऊ व्हावा.

त्याच अध्यायात सातव्या महिन्यातल्या खाजेची एक गमतीदार चर्चा आहे. पोटावर आणि छातीवर ज्या रेघा उमटतात त्यांना चरक "किक्किस" म्हणतो. त्या काळच्या बायका म्हणायच्या की बाळाला केस फुटतात म्हणून आईला खाज येते. आत्रेय हे मान्य करत नाहीत. वाढणाऱ्या गर्भाच्या दाबामुळे दोष वर सरकतात आणि दाह होतो, त्यातून खाज सुटते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कारणमीमांसेबद्दल आज कोणी काही म्हणो, पण उपाय पाहा: पोटावर आणि स्तनांवर चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप, आणि नखांनी खाजवायचं नाही. खाज अगदीच असह्य झाली तर चोळून किंवा घासून भागवायचं. म्हणजे गरोदरपणात चोळणं आहे, पण ते एका विशिष्ट त्रासासाठी आणि तेवढ्यापुरतं.

हात मोकळेपणाने येतात ते प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी. कळा सुरू झाल्यावर अधूनमधून कंबर, कुशी, पाठ आणि मांड्यांना कोमट तेल लावून, तिला सुखावेल अशा बेताने चोळावं, असं चरक सांगतो. "सुखावेल असं" हा भाग महत्त्वाचा. कारण याच ठिकाणी एक वाद नोंदलेला आहे. काही जण म्हणत, कळा येत नसतील तर बाईला उठवून मुसळ घेऊन धान्य कांडायला लावा. आत्रेय हे साफ नाकारतात. गरोदर बाईने जोराचे श्रम टाळायचे असतात, आणि प्रसूतीच्या वेळी तर विशेषच, असं त्यांचं कारण. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा "जोर लावा" आणि "हळुवार घ्या" असे दोन पक्ष होते, आणि ग्रंथकाराने हळुवार पक्षाची बाजू घेतली, हे मला फार बोलकं वाटतं.

बाळंतपणानंतर मात्र तेलाचा हात सैल सुटतो. चरक प्रसूतेच्या पोटाला तूप-तेल लावून मोठ्या कापडाने पोट गुंडाळायला सांगतो, आणि सुश्रुत बलातेलाचा अभ्यंग सांगतो. आपल्या आज्यांची शेकशेगडी, पोट बांधणं, बाळंतशेपांची धुरी, सकाळी येऊन आधी बाळाला आणि मग बाळंतिणीला तेल जिरवून आंघोळ घालणारी बाई, हे सगळं या उत्तरार्धातलं आहे. माझ्या आईला जिने चाळीस दिवस तेल लावलं त्या बाईंना आई अजून "आमच्या मावशी" म्हणते. पण दिवस असताना त्या घरी येत नसत. त्यांचं काम बारशाच्या आसपास सुरू व्हायचं. म्हणून माझं मत असं, की "आपल्याकडे गरोदरपणी मालिश करतात" या समजुतीत आपण बाळंतिणीची मालिश नकळत काही महिने मागे ढकलली आहे.

आता मधल्या काळाकडे येऊ. शास्त्रात लिहिलेलं हळुवार चोळणं आणि खेडोपाडी सुईण जे करायची ते, यात पुष्कळ अंतर पडलं होतं. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुइणींना प्रशिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप्स फंड सुरू झाला. या फंडाने १९१८ मध्ये भारतातल्या बाळंतपणाच्या स्थितीवर एक संग्रह छापला. त्यात अडलेल्या बाईचं पोट जोरजोरात दाबण्यासारख्या प्रकारांबद्दल डॉक्टर स्त्रियांच्या तक्रारी आहेत. पुढे १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी "मदर इंडिया" या पुस्तकात हाच मजकूर भारताला नावं ठेवण्यासाठी वापरला. मेयोबाईंचा हेतू वाईट होता हे खरं, पण त्यामुळे मूळ तक्रारी खोट्या ठरत नाहीत. पोटावर जोर लावल्याने वार सुटू शकते, गर्भाशयाला इजा होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. "पोटुशीने रगडून घ्यायचं नाही" हा काकूंचा नियम अशा अनुभवांतूनच आला असावा.

या कथेत आपल्या सर्वांच्या एका पूर्वजेचाही उल्लेख हवा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेलं पहिलं मूल दहा दिवसांत गेल्यानंतर वैद्यक शिकायला निघालेली ही मुलगी परदेशात बसून नेमका हाच विषय निवडते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक तशीच राहिली. आपली विद्या आणि इथली विद्या एकमेकींसमोर ठेवून पाहायचं काम त्यांनी सुरू केलं होतं. ते पुढे नेणं म्हणजे केवळ "आमच्याकडे होतंच" म्हणणं नव्हे.

ते काम पुढे कसं झालं? गंमत म्हणजे त्याचा एक धागा पुन्हा भारतातूनच निघतो. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये यांनी कलकत्त्यात शांतला नावाची एक आई आपल्या बाळाला तेल लावताना पाहिली, आणि तिच्याच नावाचं पुस्तक १९७६ मध्ये काढलं. पाश्चात्य देशांत बाळाच्या मालिशची जी लाट आली त्यात या पुस्तकाचा मोठा हात आहे. मायामी विद्यापीठात १९९२ मध्ये टिफनी फील्ड यांनी स्पर्शावर संशोधन करणारी संस्था काढली. त्यांच्या १९९९ च्या अभ्यासात २६ गरोदर स्त्रिया होत्या. काहींना आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं मसाज, असं पाच आठवडे, आणि बाकीच्यांना नुसते शिथिलीकरणाचे व्यायाम. मसाजवाल्या गटात चिंता आणि पाठदुखी कमी झाली, झोप सुधारली. २६ हा आकडा लहान आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण पाठदुखी आणि झोप या दोन गोष्टींसाठी तरी मसाजचा उपयोग होतो असं इथे मानतात.

चरकाच्या पिचूचीही एक आधुनिक बहीण आहे. साधारण पस्तिसाव्या आठवड्यापासून योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला स्वतः तेल लावून हलके ताणायला सांगतात. सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर असं दिसलं की, पहिलटकरणींमध्ये याने टाके पडण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. दोन्ही उपाय एकच नव्हेत, पण विचाराची दिशा ओळखीची आहे. हे करण्याआधी आपल्या डॉक्टरला किंवा मिडवाइफला मात्र जरूर विचारा.

आता व्यवहाराचं. ज्यांना इथे प्रशिक्षित थेरपिस्टकडे जायचं आहे त्यांनी काय अपेक्षा ठेवावी? आधी एक फॉर्म येईल: कितवा महिना, रक्तदाब, रक्तस्राव, पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का. हे वेळकाढूपण नाही. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं आणि पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून पोटऱ्या जोरात चोळत नाहीत. एकच पाय सुजला, लाल झाला किंवा दुखू लागला, तर तो अजिबात चोळायचा नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. बरेच थेरपिस्ट पहिल्या तीन महिन्यांत घेतच नाहीत. हलक्या मसाजने गर्भपात होतो असा पुरावा नाही, पण गर्भपात मुळात त्याच काळात जास्त होतात, म्हणून ते सावध राहतात.

निम्मे दिवस झाल्यावर पाठीवर उताणं झोपवत नाहीत, कारण गर्भाच्या भाराने पोटातली मोठी शीर दबते आणि चक्कर येते. कुशीवर झोपवतात, गुडघ्यांमध्ये आणि पोटाखाली उशा देतात. अंगावर चादर असते आणि ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच उघडा करतात, तेव्हा संकोचाचं कारण नाही. उग्र वासाचं तेल नको असं आधीच सांगा. आपलं साधं खोबरेल घेऊन गेलात तरी बहुतेक ठिकाणी चालतं. जोर मध्यम असतो, पोटावर फक्त हलका हात किंवा तोही नाही. दुखलं तर लगेच बोला. "सहन करा, त्याशिवाय गुण येत नाही" हा आपला देशी हिशेब इथे लावू नका. उठताना सावकाश उठा. आणि रक्तदाब वाढला असेल, डोकं फार दुखत असेल, रक्त जात असेल किंवा ताप असेल, तर मसाज नाही, आधी दवाखाना.

शेवटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. कळा सोसणाऱ्या बाईजवळ कोण असावं हेही चरकाने लिहिलं आहे: अनेकदा बाळंत झालेल्या, जीव लावणाऱ्या, धीर देणाऱ्या पुष्कळ बायका. आपल्यापैकी कितीजणींच्या वाट्याला हे येतं? आईचा व्हिसा वेळेवर होत नाही, सासूबाईंचे गुडघे विमानप्रवास सोसत नाहीत, आणि आपल्याजवळ एकच माणूस असतं, तेही ऑफिसातून धावत आलेलं. ग्वाटेमालात झालेल्या १९८० च्या एका अभ्यासात प्रसूतीच्या वेळी एक अनोळखी बाई नुसती शेजारी बसली, हात धरला, पाठ चोळली, बोलत राहिली. त्या आयांची सुटका इतरांपेक्षा खूपच लवकर झाली. १९९७ मध्ये फील्ड यांनी २८ जोडप्यांना घेऊन त्यातल्या काही नवऱ्यांकडून मसाज करून घेतला, तर कळांचा त्रास कमी वाटला.

माझ्या वेळी मावशीबाई नव्हत्या. सहा तास माझी कंबर नवऱ्याने चोळली. नर्सने त्याला तळहाताची टाच कुठे टेकवायची ते दाखवलं होतं, बाकी सगळं त्याने माझा चेहरा बघून ठरवलं. चरकाला अभिप्रेत असलेलं "सुखावेल असं" याहून वेगळं नसावं.

तेव्हा मंडळी, ज्यांच्या घरी नवीन पाहुणा येणार आहे, त्यांच्यातल्या पुरुषांना खास विनंती. सातव्या महिन्यापासूनच रोज दहा मिनिटं तिची पाठ आणि पावलं हलक्या हाताने चोळायची सवय लावून घ्या. विद्या काही नाही, फक्त हात कोमट हवेत आणि लक्ष तिच्याकडे हवं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.