रक्ताने भरलेल्या हृदयाला रक्त मिळते कसे?

मानवी हृदय विश्रांतीच्या स्थितीत दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर पाठवते. मात्र त्याच्या कप्प्यांतून सतत वाहणाऱ्या या रक्ताचा हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला थेट लाभ फारच थोडा होतो. त्यातील प्राणवायू जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीच्या आतील थरापर्यंत पोहोचतो. उर्वरित स्नायूचे पोषण ‘कोरोनरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन धमन्या करतात.

महाधमनीच्या उगमापाशी, झडपेच्या किंचित वर या धमन्या सुरू होतात. डाव्या धमनीची एक शाखा हृदयाच्या पुढील बाजूने खाली उतरते, तर दुसरी डावीकडून वळसा घेऊन मागे जाते. उजवी धमनी प्रामुख्याने उजव्या कप्प्यांना आणि बहुसंख्य व्यक्तींमध्ये हृदयाच्या खालच्या भागालाही रक्त पुरवते. पृष्ठभागावरून जाणाऱ्या या धमन्यांच्या उपशाखा स्नायूत खोलवर शिरतात.

हृदयाचा मुख्य पंप असलेल्या डाव्या निलयाच्या स्नायूला बहुतांश रक्त प्रसरणाच्या काळात मिळते. कारण आकुंचन पावताना हा स्नायू स्वतःमधील रक्तवाहिन्याच दाबून धरतो. मिनिटाला ७५ ठोके पडत असल्यास प्रत्येक ठोक्याच्या ०.८ सेकंदांपैकी सुमारे ०.५ सेकंद प्रसरणाचे असतात. ठोके वाढले की हाच अवधी अधिक आखडतो.

विश्रांतीच्या वेळीही हृदयाचा स्नायू रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. संपूर्ण शरीराची सरासरी सुमारे २५ टक्के आहे. त्यामुळे श्रमाच्या वेळी वाढती गरज भागवण्यासाठी रक्तप्रवाहच वाढवावा लागतो. निरोगी रक्तवाहिन्या रुंदावून तो तीन ते चार पटींपर्यंत नेतात. मेद साचून अरुंद झालेल्या धमनीला ते साधत नाही. म्हणूनच बसलेले असताना कोणताही त्रास न जाणवणाऱ्या व्यक्तीच्या छातीत जिना चढताना आवळल्यासारखी वेदना होऊ शकते.

गुठळीमुळे धमनी पूर्ण बंद झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो. सुमारे २० मिनिटांनंतर स्नायुपेशी कायमच्या मृत होऊ लागतात आणि ही हानी आतील बाजूकडून बाहेर पसरत जाते. गमावलेल्या स्नायूच्या जागी केवळ व्रण उरतो. त्यामुळे विश्रांतीनंतरही न थांबणारी छातीतील वेदना पित्ताची समजून अंगावर न काढता तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.