जो लुई : एका मुष्टियोद्ध्याचें ऋण

मुष्टियुद्ध हा सभ्य माणसांचा खेळ मानावा कीं मानूं नये, याविषयीं सुज्ञ लोकांत पूर्वींपासून मतभेद आहे. दोन माणसांनीं हातमोजे चढवून एकमेकांस ठोसे मारावे आणि हजारों प्रेक्षकांनीं द्रव्य मोजून तें पाहावें, यांत भूतदयेला फारसें स्थान नाहीं हें उघड आहे. तथापि इतिहास कधीं कधीं आपलीं महत्त्वाचीं प्रकरणें अशाच अनपेक्षित जागीं लिहून ठेवतो. जो लुई या अमेरिकन मुष्टियोद्ध्याचें चरित्र हें असेंच एक प्रकरण होय.

जोसेफ लुई बॅरो हें त्याचें पूर्ण नांव. ता. १३ मे १९१४ रोजीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अलाबामा संस्थानांत, दुसऱ्याची जमीन अर्धेलीनें कसणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबांत त्याचा जन्म झाला. त्याचे आजे-पणजे गुलामगिरींत जन्मलेले. गुलामगिरी कायद्यानें संपली होती, पण दारिद्र्य आणि अवहेलना संपली नव्हती. आठ भावंडांत हा सातवा. बाप वेड्यांच्या इस्पितळांत गेला. आईनें दुसरा संसार मांडला आणि १९२६ सालीं सारें कुटुंब मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरीं आलें. मुलानें सारंगीसारखें वाजणारें व्हायोलिन शिकावें म्हणून आई पैसे देई, आणि मुलगा ते मुष्टियुद्धाच्या तालमींत भरी, असें सांगतात. पुढें मंदीच्या दिवसांत या घराला सरकारी मदतीवर गुजराण करावी लागली. लुईला मिळकत होऊं लागतांच त्यानें ती मदतीची रक्कम सरकारला परत केली. ही गोष्ट लहान खरी, पण पुढील हकीकत समजण्यास ती ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

१९३४ सालच्या जुलै महिन्यांत तो धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला. त्याच्या मार्गांत प्रतिस्पर्ध्यांहून मोठी एक अडचण होती. वजनदार गटाचें जगज्जेतेपद त्यापूर्वीं एकाच कृष्णवर्णीयानें, जॅक जॉन्सननें, १९०८ ते १९१५ पर्यंत भोगलें होतें. जॉन्सन मोठा मानी. गोऱ्या समाजाला तो जाणूनबुजून डिंवची. १९१० सालीं त्यानें जेफ्रीस या गोऱ्या वीराला हरविलें तेव्हां अनेक शहरांत दंगे उसळले. त्यानंतर कोणा कृष्णवर्णीयाला त्या पदासाठीं लढण्याची संधिच मिळाली नाहीं. म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनीं त्याला कडक नियम घालून दिले : पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हंसूं नये, गोऱ्या स्त्रीसमवेत छायाचित्र काढूं देऊं नये, आचरण स्वच्छ ठेवावें. जो न्याय गोऱ्या वीराला सहज मिळे, तो मिळविण्यासाठीं या तरुणाला स्वतःचें हंसूंही आंवरावें लागलें. त्याचा गुरु जॅक ब्लॅकबर्न हा स्वतः जुना मुष्टियोद्धा होता. त्यानें त्याला सांधा राखून उभें राहण्यास आणि अल्प अंतरावरून, डावपेंचाचा गाजावाजा न करतां ठोसा मारण्यास शिकविलें.

ता. १९ जून १९३६ रोजीं मॅक्स श्मेलिंग या जर्मन योद्ध्यानें बाराव्या फेरींत लुईला लोळविलें. लुई डाव्या हाताचा ठोसा मारून झाल्यावर तो हात खालीं येऊं देतो, ही खोड श्मेलिंगनें अचूक हेरली होती. जर्मनीच्या नाझी सरकारनें या विजयाचा उपयोग आपल्या वंशश्रेष्ठत्वाच्या डांगोऱ्यासाठीं केला. पुढील वर्षीं, ता. २२ जून १९३७ रोजीं, लुईनें शिकागो येथें जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरींत पाडून जगज्जेतेपद मिळविलें. परंतु श्मेलिंगचा पराभव केल्यावांचून आपण खरे विजेते नाहीं, अशीच त्याची भावना होती.

तो दिवस ता. २२ जून १९३८ रोजीं आला. हिटलरनें मार्च महिन्यांत ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि युरोपवर युद्धाची छाया पडली होती. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें सुमारें ७०,००० प्रेक्षक जमले होते. कोट्यवधि लोक रेडिओला कान लावून बसले होते. सामना अवघीं १२४ सेकंदें चालला. श्मेलिंग तीनदां पडला आणि त्याच्या बाजूनें शरणागतीचा टॉवेल फेंकण्यांत आला. हार्लेम वस्तींत कृष्णवर्णीयांनीं रस्त्यांवर उत्सव केला. विशेष हें कीं गोऱ्या अमेरिकेनेंही त्या रात्रीं त्याला आपला मानलें. ज्या दक्षिणेंत त्याच्या बांधवांना मत देणें व्यवहारांत अशक्य होतें, तेथेंही कित्येकांनीं त्याच्या विजयाची इच्छा धरली.

येथें श्मेलिंगविषयीं अन्याय होऊं नये. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, त्याचा अमेरिकन व्यवस्थापक ज्यू होता, आणि दबाव आला तरी त्यानें त्याला सोडलें नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जर्मनींत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हां त्यानें दोन ज्यू मुलांना आपल्या खोलींत लपवून वांचविलें. दोन राष्ट्रांनीं ज्यांना वैराचीं प्रतीकें बनविलें, त्या दोघांच्या मनांत वैर नव्हतें.

महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर लुई सामान्य शिपाई म्हणून सैन्यांत शिरला. १९४२ सालीं त्यानें दोन सामन्यांतील आपला वांटा आरमाराच्या आणि भूसेनेच्या मदतनिधींस दिला. त्या वेळीं आरमारांत कृष्णवर्णीयांना वाढप्याच्या कामापलीकडे फारसें स्थान नव्हतें. भूसेनेंतही त्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. लुईनें छावण्याछावण्यांतून प्रदर्शनीय सामने केले, आणि जॅकी रॉबिन्सन या तरुण सैनिकाला अधिकाऱ्यांच्या शिक्षणवर्गांत प्रवेश मिळावा म्हणून आपलें वजन खर्च केलें. याच रॉबिन्सननें १९४७ सालीं अमेरिकन बेसबॉलच्या मुख्य संघांतील वर्णभेदाची भिंत फोडली.

ता. १ मार्च १९४९ रोजीं लुई अजिंक्य स्थितींत निवृत्त झाला. ११ वर्षें ८ महिने तें पद त्याच्याकडे होतें; २५ वेळां त्यानें तें राखलें. वजनदार गटांत हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं.

कीर्तीची कथा येथें थांबली असती तर बरें झालें असतें. परंतु हाताचा सढळपणा, हिशेबाचें अज्ञान आणि भोंवतालच्या माणसांवरील भरंवसा यांमुळें करखात्याची बाकी सांचत गेली आणि व्याजासह ती दहा लक्ष डॉलरांवर गेली. जें सरकार त्याचे निधि घेतांना त्याला देशभक्त म्हणत होतें, तेंच आतां त्याच्यापुढें पावती धरून उभें राहिलें. पैशासाठीं तो पुन्हां रिंगणांत उतरला. १९५० सालीं एझर्ड चार्ल्सकडून तो हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं तरुण रॉकी मार्सियानोनें त्याला आठव्या फेरींत पाडलें. एकंदर ६९ लढतींत ६६ विजय आणि तीनच पराभव, पण त्यांतील दोन या अखेरच्या दिवसांतले. पुढें त्यानें कुस्त्यांचे खेळही केले. १९७० सालीं मनाचा तोल ढळून तो रुग्णालयांत पडला. शेवटीं लास व्हेगासच्या एका जुगारगृहांत येणाऱ्या पाहुण्यांचें स्वागत करणें, हें त्याचें उपजीविकेचें साधन झालें. आजारानें पाय गेल्यावर तो चाकांच्या खुर्चींत बसूं लागला.

मृत्यूच्या आदल्या दिवशींही तो जगज्जेतेपदाचा एक सामना पाहण्यास गेला होता. ता. १२ एप्रिल १९८१ रोजीं ६६ व्या वर्षीं हृदय थांबून त्याचें देहावसान झालें. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं नियम शिथिल करून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी स्मशानभूमींत त्याला जागा दिली. त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाचा कांहीं भार श्मेलिंगनें उचलला. पडत्या काळांतही त्यानें जुन्या प्रतिस्पर्ध्याला मदतीचा हात दिला होता.

पुढें १९८२ सालीं काँग्रेसचें सुवर्णपदक आणि १९८६ सालीं डेट्रॉइटच्या चौकांत २४ फूट लांबीची कांस्याची प्रचंड मूठ, असे मान त्याला मिळाले. राष्ट्रें वीरांचीं स्मारकें उत्साहानें उभारतात. स्मारकाला भूक लागत नाहीं, कर्ज होत नाहीं. मदतीची रक्कम परत करणाऱ्या त्या तरुणानें राष्ट्राचें देणें पैपैनें फेडलें होतें. राष्ट्राकडे त्याचें जें येणें होतें, त्याची नोंद मात्र कोणत्याही कचेरीच्या वहींत झाली नाहीं.